फल-वन-औषध

नेकनूरच्या बाजारतळावरच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध हरिओम महाराज, मनगटावर सोनेरी घड्याळ, एका रोग्याचे तळवे चोळत होते. चेल्यानं वरून चुन्याची निवळी ओतली आणि परातीत पिवळंधमक पाणी पडलं. "कावीळ उतरली," महाराज म्हणाले. लोकांनी हात जोडले. रोगी जसाच्या तसा पिवळा होता, पण परात सोडून त्याच्या तोंडाकडं बघतो कोण?

तो रोगी म्हणजे माझा चुलतभाऊ, कारभारीदादा. मी बीडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. दादाच्या पित्तनळीत कॅन्सरची गाठ होती आणि नळी तुंबल्यामुळं ही कावीळ. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी दिलेली ऑपरेशनची पहिली तारीख दादानं या महाराजांपायी घालवली. दुसरी परवावर आली होती आणि वनमालावहिनी म्हणत होती, "आता कावून चिरायचं? पिवळं तर रोज निघतंय की."

महाराजांनी मोबाइल उंचावला. "ही बातमी बघा. पित्तनळीचा कॅन्सर फ्लॅव्होनॉइडनं पसरायचा थांबतो. फ्लॅव्होनॉइड म्हंजी काय? फल-वन-औषध. आपलाच शब्द, गोऱ्यांनी उचलला."

टाळ्या पडल्या. व्याकरणालाही कावीळ होते, हे मला त्या दिवशी कळलं.

मी पुढं झाले. "महाराज, दादाचे हात साबणानं धुऊ द्या. तुम्ही हात लावू नका, निवळी मी ओतते."

"ताई, शंका घेतली की गुण जातो."

"बघू द्या की," सरपंच बंकटराव म्हणाले. "तुमाला कशाचं भ्या हाय?"

दादाच्या हातांवरून पडलेलं पाणी स्वच्छ होतं. मग मी तीच निवळी महाराजांच्या तळव्यांवर ओतली. त्यांनी हात आवरेपर्यंत परात पिवळी झाली.

"अगं बाई," वहिनी म्हणाली, "कावीळ तर महाराजांनाच हाय."

आंब्याच्या झाडाची साल उकळून तो काढा आधीच आपल्या तळव्याला लावून वाळवायचा, मग रोग्याचे तळवे चोळायचे. चुन्याचं पाणी लागलं की तो पिवळा होतो. सालीत फ्लॅव्होनॉइडच्या, म्हणजे झाडाफळांत सापडणाऱ्या एका गटातल्या द्रव्यांच्या, जातीचेच पदार्थ असतात. महाराजांच्या दरबारात फ्लॅव्होनॉइड होतं ते एवढंच. बातमीही भल्या माणसानं अर्धीच वाचलेली. काही फ्लॅव्होनॉइडमुळं प्रयोगशाळेत, काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरपेशींची पसरण मंदावली, असं दिसलंय. उद्या त्यातून औषध निघेलही. आज माणसावर ते सिद्ध झालेलं नाही, हे संशोधक स्वतः लिहितात. नेमकी तीच ओळ या लबाडांना दिसत नाही.

दादाला परवाच्या तारखेला नेलं. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवलं. गाठ यकृतात पसरली होती. नळीत जाळी बसवून कावीळ तेवढी उतरवली.

भेटायला आलेले बद्रीनाथकाका म्हणाले, "काही म्हणा, महाराजांनी इजा तर केली न्हाई. नुसते हातच धुतले."

माझं डोकं फिरलं, पण दादाच बोलला.

"काका, पयल्या तारखेला गाठ निघत होती. डोळं पिवळं दिसलं की थेट दवाखाना गाठा. मी न्हाई गाठला."