बादलीतल्या कोच

आमच्या कोच लॉर्ना स्टबलफील्ड यांची सगळी कारकीर्द एका बादलीवर गेली. रंगाची रिकामी बादली, आत सॉफ्टबॉलचे चेंडू, वर गादी शिवलेलं झाकण. बादलीवर बसलं की डोळे बरोबर चेंडूच्या उंचीला येतात, म्हणून चेंडू टाकणाऱ्या पिचरला शिकवणाऱ्यानं खुर्चीला शिवू नये, असं त्यांचं मत. ओक्लाहोमातल्या आमच्या छोट्याशा कॉलेजात त्या आल्या तेव्हा बादली पांढरी होती म्हणे. मी तो चेंडू झेलणारी कॅचर म्हणून आले तोवर तिचा रंग ठरवायला सभा घ्यावी लागली असती.

फायनलच्या सकाळी क्रीडाविभागाचे प्रमुख प्रुइटसाहेब त्यांना म्हणाले, ‘‘आज जिंकलात तर पुढचं वर्ष तुमचं. नाहीतर तुमच्या जागी आम्ही व्हिडिओ दाखवून शिकवणारा कॅमेरेवाला कोच आणतोय.’’ हे आम्हाला कोचनीच सांगितलं, सूर्यफुलाच्या बिया चघळत, जणू हवापाणी सांगतायत. पण टरफलं थुंकायला विसरल्या, तेव्हा मला कळलं की बाई घाबरल्यात.

सगळी मदार आमच्या पिचरवर, ट्रूडी व्हॅन्सवर. पोरीच्या हातात तोफ होती, पण ताण आला की उजवा खांदा थेट कानाला जाऊन चिकटायचा आणि चेंडू भलतीकडे जायचा. कोच वर्षभर बोंबलत होत्या, ‘‘खांदा सैल सोड!’’

तिसऱ्या इनिंगला समोरच्या पोरींनी तिन्ही बेस भरले, बाद कुणीच नाही, आणि ट्रूडीचा खांदा कानाला. कोच ताडकन उठल्या, ‘‘सैल!’’ म्हणून ओरडल्या आणि धपकन बसल्या. चेंडू सरावासाठी बाहेर काढले होते, बादली रिकामी. झाकण कडाडलं आणि कोच आत गेल्या. बाहेर राहिले फक्त गुडघे, टोपी आणि दोन हात.

ट्रूडीनं ते पाहिलं. ती एवढी हसली की पंचानं बरं वाटतंय ना म्हणून विचारलं. हसता हसता खांदा खाली आला. पुढच्या तिघी लागोपाठ बाद.

‘‘ओढा गं मला बाहेर!’’ कोच ओरडल्या.

‘‘छे! आता कशालाच हात लावायचा नाही, कोच,’’ मी म्हणाले.

‘‘अगं, माझे पाय झोपलेत!’’

‘‘झोपू द्या. सामना संपला की उठवू.’’

जमून येत असेल तर काहीही बदलायचं नाही, हा नियम त्यांनीच शिकवलेला. मोजे धुवायचे नाहीत, जागा बदलायची नाही, तोंडातलं च्युइंगगमसुद्धा थुंकायचं नाही.  मग कोच बादलीतूनच पुढचा चेंडू कोणता, याच्या बोटांनी मला खुणा करू लागल्या. राखीव पोरी त्यांना बिया भरवत होत्या. सहाव्या इनिंगला आम्ही एक धाव काढली.

शेवटची इनिंग, समोरच्या दोघी बाद, एकीला घालवलं की झालं. तेवढ्यात प्रुइटसाहेब आले. भला माणूस, पण उभ्या जन्मात सॉफ्टबॉल खेळलेला नाही. ‘‘अरेरे, मॅडम!’’ म्हणत त्यांनी दोन्ही हात धरून कोचना उपटून बाहेर काढलं. आमच्या किंकाळ्या त्यांच्या कानावर जाईतो उशीर झाला होता.

पुढचाच चेंडू कुंपणापर्यंत गेला. मग ट्रूडीनं दोघींना चार-चार चेंडू भलतीकडे टाकून फुकट बेस दिले. तिन्ही बेस पुन्हा भरले. ट्रूडीचा खांदा कानाला.

 कोचनी ट्रूडीकडे पाहिलं, मग साहेबांकडे, मग बादलीकडे. फायनलसाठी घेतलेली नवी इस्त्रीची पँट घातली होती त्यांनी. 

‘‘साहेब, जरा टोपी धरा,’’ म्हणाल्या आणि स्वतःहून आत बसल्या. या खेपेला पाय थेट आकाशाकडे.

ट्रूडी पोट धरून वाकली. सरळ झाली तेव्हा खांदा जागेवर होता. समोरचीचे दोन चेंडू हुकले, तिसऱ्याला बादलीच्या काठावर दोन बोटं उगवली: वर चढणारा चेंडू. तिनं टाकला, समोरचीनं बॅट त्याच्या खालून फिरवली, आणि तो माझ्या हातमोज्यात येऊन बसला. तिसऱ्यांदा हुकली म्हणजे बाद; सामना आमचा.

बादली कापून त्यांना काढू, असं साहेब म्हणाले, तर कोच गरजल्या, ‘‘त्यापेक्षा मला कापा!’’ शेवटी हॉटडॉगच्या गाडीवरून भांडी घासायचा साबण आणला. पुढचं वर्ष तुमचं, असं साहेब टोपी परत करताना पुटपुटले.

परतीच्या बसमध्ये कोच ट्रूडीवर उखडल्या. ‘‘वर्षभर घसा फोडून सांगितलं, ऐकलं नाहीस. मी पडले तर बरी लगेच सैल झालीस!’’

‘‘कोच, रागावू नका,’’ ट्रूडी म्हणाली. ‘‘पण ‘सैल सोड’ ओरडताना तुमचाच खांदा कानाला लागलेला असतो. मी तुमचं बघून टाकते ना. बादलीत मात्र तुम्हाला तो वर न्यायला जागाच नव्हती.’’

 कोचनी हात वर नेऊन आपला कान चाचपला. खांदा तिथंच होता.