बाळंतिणीची न्हाणी

छबुबाईची लेक विजयमाला बाळंत होऊन बारा दिवस झाले होते. न्हाणीत गॅसचा नवा गिझर बसला होता, पण धूर बाहेर नेणारा पाइप लावायचा राहिलाच होता. तरी छबुबाईनं लेकीला अंघोळीला आत पाठवलं अन् बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून बाहेरून झरोक्यात जुनं लुगडं ठासलं.

तेवढ्यात फिटर सोमनाथ पाइप घेऊन आला.

"मावशी, झरोका कावून बुजवला? गिझर चालू हाय का?"

"पाच बाळंतपणं काढली मी. तू शिकवतो व्हय मला?"

"त्याचा इखारी धूर आत कोंडतो. वास येत न्हाई, माणूस गपकन पडतंय. ताईला हाक मारा आधी."

छबुबाईनं फणकाऱ्यानंच हाक मारली. आत नुसतं पाणी वाहत होतं.

"माले! ए माले!"

सोमनाथ दाराकडं धावला.

"थांब, उघडी हाय ती!" छबुबाई ओरडली. मग तिनंच दार ढकललं; आतून कडी होती. "बघतो काय? फोड!"

कडी तुटली. सोमनाथनं गॅस बंद केला. छबुबाईनं लेकीला पदरात गुंडाळून अंगणातल्या भणाण वाऱ्यात आणून निजवलं. श्वास चालू होता, पण डोळे उघडत नव्हते.