करारातला गाळलेला शब्द

केनियातल्या किसुमूच्या पोलीस कचेरीत इन्स्पेक्टर चेरोनोबाईंनी माझ्या मुलाचा, ओबुराचा करारनामा टेबलावर ठेवला. सरकारच्या परवानगीवाचून परक्या सैन्यात जाणाऱ्याला आमच्या कायद्यात दहा वर्षांची कैद आहे. फसवून नेलेला सुटतो. ओबुरा रशियाच्या आघाडीवरून डाव्या पायाची बोटं गमावून परतला होता. तो यांतला कोण, हे आज ठरायचं होतं.

"कागद रशियन भाषेतला. न वाचताच सही केलीस?"

"बाबांना फोनवर पाठवला होता, मॅडम. वाचून म्हणाले, गोदामावर पहारेकऱ्याचं काम आहे."

वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं 'म्झे' म्हणत बाई माझ्याकडे वळल्या. "म्झे ओंडिजो, गावात तुम्हाला मॉस्को म्हणतात ना? पाच वर्षं तिकडे शेतकी शिकलात. घरात दुभाषी असताना पोरगा फसला, हे मी न्यायाधीशांना कोणत्या तोंडानं सांगू?"

"विसरलोय मी ती भाषा."

"वाचा बरं."

मी वाचू लागलो. चाळीस वर्षांनंतरही अक्षरं जिभेवर सरळ उतरत होती. दारातला हवालदार हसला. "विसरलेले असे वाचत असतील, तर मीही आजपासून विसरायला बसतो."

ओबुरानं मान खाली घातली. मी थांबलो.

"वाचता येतं, अर्थ लागत नाही. तेव्हाही लागला नव्हता. लग्नाकार्यांत मी रशियन बोलून दाखवायचो, ती पाठ केलेली चारच वाक्यं. याचा कागद आला तेव्हा शेजारी जमले होते. कळत नाही म्हणायची लाज वाटली. नोकरी लावून देणाऱ्या एजंटानं याला जे सांगितलं होतं, तेच मी वाचल्यासारखं करून सांगितलं."

"पाच वर्षं राहून एकही शब्द कळला नाही?"

नाही म्हटलं असतं, तर आधीचंही त्यांनी खोटंच मानलं असतं.

"एक कळला. युद्ध. दुसऱ्या पानावर तीनदा आहे. तो सांगितला असता तर यानं पुढचं विचारलं असतं, आणि माझं अज्ञान उघडं पडलं असतं. म्हणून गाळला."

बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. "मुलगा आरोपी नाही, साक्षीदार म्हणून उभा राहील. तुमचं काय करायचं ते वरिष्ठ बघतील. इथे सही करा."

बाहेर पडताना मी आधाराला हात पुढे केला. ओबुरानं तो घेतला नाही. भिंतीला धरून तो पायरीवर बसला.

"तीनदा होता?" त्यानं विचारलं.

"हो."

त्याच्या शेजारी जागा होती. मी उभाच राहिलो.