चाळीस चादरी आणि एक पैलवान

पैलवानाची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. राजाचा गोठा, तीन हजार बैल, तीस वर्षांचं शेण, आणि या एकट्या बहाद्दरानं तो एका दिवसात लख्ख केला. वा रे वा! पण ते सगळं शेण गेलं कुठं, हे विचारलं कुणी? मी सांगते. आमच्या चादरींवर.

माझी आई धुणी धुते. नदीकाठी तिचा एक दगड आहे, आपटून आपटून मधोमध गुळगुळीत झालेला. त्यावरच आमचं घर चालतं. नदीवर आमचा एकच नियम. वरच्या अंगाला असलेल्यानं घाण पाणी सोडायच्या आधी मोठ्यानं हाळी द्यायची, म्हणजे खालचे आपापले कपडे बाहेर काढतात. पाच वर्षांच्या पोरालाही हे कळतं.

पैलवानाला नाही कळलं. त्यानं गोठ्याची भिंत फोडली, नदीला बांध घालून पाणी आत वळवलं, आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. खाली आईनं राजवाड्याच्या चाळीस चादरी पाण्यात टाकलेल्या. संध्याकाळी द्यायच्या होत्या. आधी नदी एकदम आटली, आणि आम्ही बघतोय तोवर हिरवंकाळं शेण धो धो आलं. आईनं कपाळाला हात लावला. मी तरातरा वर गेले.

"अहो पैलवान, ओरडायला काय झालं होतं?"

"कुणासाठी ओरडू? इथं मी एकटाच होतो," तो म्हणाला.

"खाली आम्ही होतो की!"

त्यानं वाकून खाली पाहिलं. तिकडं माणसं असतात हे त्याच्या गावीही नव्हतं. ओशाळून म्हणाला, "चल, धुवून देतो." आला खरा. पहिली चादर उचलली, दगडावर एकदाच आपटली, टर्रर्र! एकीच्या दोन झाल्या.

"अहो, तुम्ही मारलेला सिंह नाहीये तो, चादर आहे!" मी किंचाळले. आईनं त्याला लांब बसवलं.

तेवढ्यात राजाचा कारभारी आला. त्यानं नाक दाबून चादरी पाहिल्या. "बाई, उद्यापासून हा दगड दुसरीला."

"साहेब, नदी या पैलवानानं..." आई बोलायला लागली.

"नदी कधी कधी गढूळ येते," कारभारी घाईघाईनं म्हणाला. घाई का, ते मला लगेच कळलं. पैलवानाला अशी बरीच कामं करून शिक्षा पुरी करायची होती, हे गावभर ठाऊक होतं. प्रत्येक कामाचा दाखला लागायचा, 'कुणाचंही नुकसान न करता पूर्ण' असा. तो दाखला कारभाऱ्याच्या हातातच होता. आमच्या चादरी नुकसानीत मोजल्या की दाखला बाद, आणि काम करवून घेणाऱ्या कारभाऱ्याची फजिती!

आई मान खाली घालून उभी राहिली. मला तेच सहन झालं नाही. मी दगडावर मांडी ठोकून बसले.

"हिला उचल रे," कारभारी पैलवानाला म्हणाला.

तो आला. बाप रे, केवढा होता! पण मी हलले नाही.

"खुशाल उचला," मी म्हणाले. "पण आधी सगळ्यांसमोर सांगा, हे शेण कुणी सोडलं?"

काठावरच्या सगळ्या बाया हातातलं धुणं टाकून बघायला लागल्या. पैलवानाचे कान लाल झाले.

"मी सोडलं," तो म्हणाला. "न सांगता सोडलं. यांचं नुकसान मी केलंय."

"वेडा आहेस का?" कारभारी ओरडला. " हे काम मोजणार नाहीत! बदल्यात दुसरं करावं लागेल!"

"करीन."

कारभाऱ्यानं दाखला टराटरा फाडला आणि पाय आपटत निघून गेला. एवढ्या बायांनी ऐकल्यावर दगडाचा विषय काढायची त्याची टाप नव्हती. आई अजून तिथंच धुते.

लोक सांगतात, राजानं लबाडी करून ते काम पैलवानाच्या शिक्षेच्या यादीतून काढलं. साफ खोटं. ते मी काढायला लावलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा लावीन.