मेजरसाहेबांचा शेरा

कुसुमताईंनी चिठ्ठीच्या तिसऱ्या ओळीखाली फूटपट्टी धरली आणि समोर बसलेल्या लहानूजी रामटेक्यांकडे चष्म्यावरून पाहिलं.

"तुमचे मेजर जेवायला बसले की काय म्हणायचे?"

"काहीच नाही, बाई. जेवायचे."

"ताटात किती उरायचं?"

थोडं कमी सांगावं असं लहानूजींच्या चेहऱ्यावर येऊन गेलं, पण टिकलं नाही. "अर्धं," ते म्हणाले.

सदर भागातल्या या खोलीत कुसुमताई कॉलेजच्या मुलांना फ्रेंच शिकवत आणि अधूनमधून लोकांच्या दाखल्यांची भाषांतरं करून देत. अवघड शब्द हाती लागला की त्याची पूर्ण झडती घेतल्याशिवाय त्याला सोडायचं नाही, ही त्यांची रीत. आजची चिठ्ठी चार ओळींची होती. सेहेचाळीस साली कामठीची छावणी सोडताना एका इंग्रज मेजरने ती आपल्या खानसाम्याला लिहून दिली होती. नाव, नोकरीची वर्षं, खाली सही. आणि मध्ये एकच शेरा: लहानू मला नेहमी 'फेअर' वाटला.

सिव्हिल लाइन्समध्ये एका फ्रेंच इंजिनिअरचं बिऱ्हाड आलं होतं. मादामला खानसामा हवा होता, आणि इंग्रजीशी तिचं जमत नव्हतं. चिठ्ठ्या फ्रेंचमध्ये करून आणा, असा निरोप होता. छावणीतल्या मेसच्या ठेकेदाराने लहानूजींना होळीनंतर कमी केलं होतं. घर बायकोच्या विड्या वळण्यावर चाललं होतं. बावन्नाव्या वर्षी कामठीत दुसरा साहेब कुठून आणायचा?

कुसुमताईंनी कागदावर अर्थ एकाखाली एक मांडले होते. गोरा: लहानूजी समोरच बसले होते, त्यामुळे हा खोडायला वेळ लागला नाही. देखणा: यावर त्यांनी मत दिलं नाही, नुसती रेघ मारली. जत्रा आणि निरभ्र आकाश हे मेजरने प्यायलेला असतानाही लिहिलं नसतं. उरले दोन. न्यायी; आणि बरा, म्हणजे चालून जाईल असा. इंग्रजीत हे दोघे एकाच खोलीत नांदतात. फ्रेंचमध्ये त्यांची बिऱ्हाडं वेगळी, बोलवायचं तर एकालाच.

'बरा'समोर त्यांनी लिहिलं: अर्धं ताट.

"बरं, कधी चोरीचपाटी, भांडणतंटा?"

"एक डाव झाला ना. साहेबाची व्हिस्की चोरीले गेली. साऱ्यायनं धोब्याचं नाव घेतलं. मले इचारलं, त मी सांगतलं, तुमच्या मेव्हण्यानं नेली."

"मग?"

"मंग काय. मेव्हणा गेला, धोबी राह्यला."

कुसुमताईंचा चेहरा उजळला. त्यांनी यंत्रात कागद घातला आणि 'ज्यूस्त' असं टंकलं. "न्यायी लिहिलंय," त्या म्हणाल्या.

लहानूजी उठले नाहीत.

"बाई, पोस्टमास्तरानंबी हेच वाचून दाखवलं होतं. तवापासून वस्तीतले भांडणं माह्याकडेच येऊन राहिले. पण साठ साली एका कॅप्टनानं चिठ्ठी वाचली अन् हासला. म्हणे, अरे, ठीकठाक लिवलं हाय तुले."

"तो कॅप्टनच बरोबर कशावरून?"

"खानसाम्याच्या चिठ्ठीत साहेब सैपाकाचंच लिहीन ना? अन् तुमी न्यायी लिवलं, त मॅडम का न्याय खाईन? तिसऱ्या दिवशी माह्यं सूप तिच्या तोंडात जाईन. मंग चिठ्ठी खोटी पडन. माही बी, तुमची बी."

कुसुमताईंनी कागद ओढून काढला, दुसरा चढवला आणि 'पासाब्ल' टंकलं. चालून जाईल असा.

"वस्तीत मातर सांगू नका," लहानूजी म्हणाले. "लोकायले सवय झाली हाय."

"आणि तुम्हाला?"

"मलेबी."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमताई दुभाषी म्हणून मादामच्या बंगल्यावर गेल्या. टेबलावर पाच जणांच्या चिठ्ठ्या होत्या, आणि कागदांवर विश्वास ठेवायचा तर त्यांतले चौघे थेट बादशहाच्या मुदपाकखान्यातून आले असावेत. पाचव्या कागदावर 'पासाब्ल'पाशी मादामचं बोट थांबलं.

"हा शब्द चुकून पडलाय का?" तिने फ्रेंचमध्ये विचारलं.

"नाही. दुसराही बसला असता. त्यांनीच हा घ्यायला लावला."

मादामने लहानूजींना आत बोलावलं. मग म्हणाली, "यांना विचारा, बाहेर बसलेत त्यांच्यात सगळ्यात चांगला स्वयंपाक कोण करतो?"

कुसुमताईंनी प्रश्न मराठीत सांगितला. आणि आयुष्यात पहिल्यांदाच भाषांतरात पदरची भर घातली: "माहीत नाही म्हटलं तरी चालेल हं."

लहानूजींनी दारातून व्हरांड्यात पाहिलं. तिथे त्यांच्याच गल्लीतला गिरिधर सदऱ्याची बटणं पुन्हा पुन्हा चाचपत बसला होता.

"गिरिधर," ते म्हणाले. "त्याच्या हाताले चव हाय. आमचं तसं नाही."

कुसुमताईंनी खिडकीकडे पाहत त्याचं फ्रेंच केलं. शब्द कमी केला नाही, वाढवलाही नाही.

गिरिधरला काम लागलं.

फाटकाशी तिघे बाहेर आले तेव्हा गिरिधरला आनंद कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

"काहून सांगतलं गा, लहानूभाऊ?"

"तिनं इचारलं ना."

लहानूजींनी खिसा चाचपला. "बाई, माहे कागद?"

"टेबलावरच राहिले. मेजरची चिठ्ठी आणि माझं भाषांतर, दोन्ही."

"इसरली असन."

"बाकी सगळ्यांचे तिने नाव विचारून विचारून परत दिले. तुमचे तेवढे ठेवून घेतले."

लहानूजी फाटकाच्या कडीला हात लावून उभे राहिले. मग त्यांनी ती अलगद लावली, आवाज न करता.

"मंग आज मागाले नको," ते म्हणाले. "उद्या येतो."