वरची मूठ

“पन्नास कशाचे, प्रतीक्षा?” पुण्याहून शेखर सरांनी फोनवर विचारलं. “कोड तपासणारं टूल अजून त्या एका आकड्यावर अडलंय. काढून टाक तो.”

दुसरबीडच्या घरात लॅपटॉप मांडून बसलेली प्रतीक्षा सकाळपासून त्या टूलशी भांडत होती. कोड नीट चालत होता. पण टूल म्हणजे लग्नघरातली आत्या, जेवण कितीही चांगलं झालं तरी नावं ठेवणारच. ओळ लांब झाली. इथे जागा जास्त सुटली. प्रतीक्षाने एकेक सूचना हसत हसत मिटवली होती. आज एकही शिल्लक राहिली तर तिचा कोड कंपनीच्या नव्या वजनकाट्यांत जाणार नव्हता. उरली होती ती शेवटची: हा आकडा कशाचा, त्याला नाव द्या.

“सर, तो काढता येणार नाही.”

“का?”

चाचणीसाठी आलेला इलेक्ट्रॉनिक काटा तिने आईलाच दिला होता. आई, अन्नपूर्णाबाई, आठवडी बाजारात भाजी विकायची. किलो तोलून झाला की वर एक मूठ घालायची, ही तिची रीत. काट्याच्या पहिल्याच दिवशी तिने गवारीची मूठ घातली आणि काट्याने मुठीचेही पैसे लावले. उकंडराव म्हणजे जुनं गिऱ्हाईक. ते म्हणाले, “काऊन बाई, आता मुठीचेबी पैसे?” भरबाजारात आई ओशाळली. काटा बंद करून तिने शेजारणीचा तराजू मागून घेतला. प्रतीक्षाला ते फार लागलं. म्हणून तिने कोडमध्ये लिहिलं, किलोच्या वर पन्नास ग्रॅमपर्यंत पैसे वाढू नयेत.

तिने हे सगळं सरांना सांगितलं.

“पण यात विकणाऱ्याचं नुकसान आहे.”

“ज्यांना नको त्यांना बंद करता येईल, सर. पण आपल्या काट्यामुळे कुणाचा हात आखडायला नको.”

“बरं. मग टूल मागतंय ते नाव तरी दे.”

तिने नाव दिलं, ‘वरची मूठ’. जिथे जिथे पन्नास होतं तिथे ते नाव घातलं. टूल गप्प झालं. प्रतीक्षाला इतका आनंद झाला की ती उठून उभीच राहिली.

तेवढ्यात आई मळ्यातून गवार तोडून आली.

“माय, तुही मूठ बसली मशीनमंदी!”

“किती धरली वं?”

“पन्नास ग्रॅम.”

आईने टोपल्यातली मूठभर गवार लेकीसमोर धरली. शेंगा बोटांबाहेर आल्या होत्या.

“एवढीशी? एवढी तं तुही मूठ होती पोरी, अंगणवाडीत जाय तवा.”

प्रतीक्षाने काटा पुढे ओढला, आईला मुठीतली गवार त्यावर ठेवायला लावली आणि जो आकडा आला तोच लिहिला. नाव दिलेलं असल्यामुळे एकाच जागी बदलावं लागलं. टूलने हूं की चूं केलं नाही.

“जमलं, माय. आता बराबर तुहीच मूठ हाय.”

“हाव,” आई म्हणाली. मग काट्याकडे न बघताच आणखी दोन शेंगा त्यावर टाकून ती हात धुवायला गेली.