डब्यांच्या फाइलमधली लाल ओळ

मित्रांनो, मी एक्सेलची एक जुनी फाइल आहे. माझं नाव 'डबे'. पंचवटीतल्या एका स्वयंपाकघरात, ओट्याच्या कडेला ठेवलेल्या लॅपटॉपवर माझा जन्म झाला. ओले हात पदराला पुसत मला ज्यांनी तयार केलं, त्यांचं नाव अपूर्वा. त्यांच्या मुलाचा शाळेचा डबा बघून शेजारच्या दोघीतिघींनी विचारलं होतं, आमच्याही मुलांना देशील का गं? तेवढ्यावर हा धंदा सुरू झाला.

तेव्हा मी अगदी लहान होते. मुलाचं नाव, शाळा, आईचा फोन, बस्स. पुढे एक जैन कुटुंब आलं. त्यांना कांदा-लसूण नको होता, म्हणून अपूर्वाताईंनी त्यांच्या मुलाची ओळ हिरवी केली. शब्दांत लिहायला आणखी एक रकाना लागला असता, आणि रंग लांबूनही दिसतो. स्वयंपाक करणाऱ्या सविताताई घोटीच्या. पोळी लाटता लाटता त्या मान वर करून माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "ही हाय म्हणून माझं डोकं ठिकाणावर हाय." मला फार बरं वाटायचं.

लाल ओळ माझ्यात एकच होती. मृण्मयीची.

ती पहिलीत होती. तिला शेंगदाणा चालत नसे. म्हणजे आवडत नसे असं नव्हे, दाण्याचा कण जरी पोटात गेला तरी तिचा घसा आतून सुजायचा आणि श्वास अडायचा. कुणीतरी प्रेमाने दिलेल्या चिक्कीच्या तुकड्याने ती एकदा दवाखान्यात जाऊन आली होती. तिची आई शुभांगी नोकरी करायची. धाकट्याच्या वेळची रजा संपली आणि दोन मुलांचं आवरून वेळेवर बाहेर पडणं तिला जमेना. डबा लावण्याआधी ती स्वतः येऊन गेली. तिने बरण्या उघडून पाहिल्या, तेलाचा वास घेतला, कूट कुठे ठेवता ते विचारलं. आपल्याकडे कूट कशात नसतं? भाजीत असतं, कोशिंबिरीत असतं, कुणाकुणाच्या आमटीतसुद्धा असतं. अपूर्वाताईंनी मृण्मयीसाठी वेगळं पातेलं आणि वेगळा डाव काढून ठेवला. मग शुभांगीच्या देखत तिची ओळ लाल केली.

शुभांगीने वाकून ती ओळ पाहिली. म्हणाली, "मी फार कटकट करते असं वाटत असेल तुम्हाला."

"मीही आईच आहे हो," अपूर्वाताई म्हणाल्या.

ते खोटं नव्हतं. पंचवटीतून जात होता तोवर मृण्मयीचा डबा कधी चुकला नाही.

धंदा वाढत गेला. गंगापूर रोडला दुसरं स्वयंपाकघर झालं. माझ्याही प्रती निघत गेल्या. 'डबे नवीन', मग 'डबे नवीन फायनल', मग 'डबे फायनल खरी'. अपूर्वाताईंचा नवरा श्रेयस हसून म्हणायचा, "मग खोटी कुठली तेही लिहून ठेव." एका प्रतीत केलेला बदल दुसरीत राहून जायचा. गाव सोडून गेलेल्या एका मुलाचा डबा कितीतरी दिवस शाळेत जात राहिला आणि तसाच परत येत राहिला. त्यावरही हसणं झालं.

एकदा मात्र श्रेयस हसला नाही. हे काम आता फाइलवर पेलणारं नाही, असं त्याने सांगितलं. डब्यांच्या कामासाठी तयार सॉफ्टवेअर मिळतं. त्यातून प्रत्येक डब्यावर लावायची चिठ्ठी निघते आणि त्या मुलाला काय नको ते तिच्यावर शब्दांत छापलेलं असतं. अपूर्वाताईंनी ते बघितलं, त्यांना पटलंही. पण सगळी नावं नव्याने भरायची, सगळ्यांना शिकवायचं, आणि डबे तर रोज जायला हवेत. दिवाळीच्या सुट्टीत करू, असं ठरलं. दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी आल्या. मग मे महिन्यावर गेलं. मे महिन्यात घरात लग्न निघालं.

"आत्ता चाललंय ना नीट?" ताई म्हणायच्या.

चालत होतं. म्हणून तर कुणी थांबलं नाही.

गंगापूर रोडचं स्वयंपाकघर समाधान सांभाळायचा. वणीकडचा माणूस, कामाला चोख, मनाने फार चांगला. त्याच्याकडे लॅपटॉप नव्हता. रोज सकाळी ताई मला त्याच्या फोनवर पाठवायच्या आणि तो मला फोनवर न उघडता थेट छोट्या प्रिंटरवर छापून भिंतीला लावायचा. त्या प्रिंटरला काळीच शाई होती. कागदावर माझा हिरवा रंग राखाडी व्हायचा. अगदी सुरुवातीलाच समाधानने फोन करून विचारलं होतं, "ताई, या राखाडी ओळी कशाच्या?" ताई तेव्हा रिक्षात होत्या. त्या म्हणाल्या, "तुझ्याकडचे ते सगळे बिनकांद्याचे." त्या दिवशी ते अगदी खरं होतं.

जूनमध्ये मृण्मयीच्या घरच्यांनी गंगापूर रोडला घर घेतलं. दुसरीला ती तिकडच्याच शाळेत गेली. ताईंनी तिची ओळ पंचवटीच्या यादीतून उचलून समाधानच्या यादीत ठेवली. ओळीबरोबर लाल रंगही आला. तो आलेला बघून त्या निर्धास्त झाल्या.

कागदावर लालही राखाडीच उमटला.

समाधानला एक ओळ वाढलेली दिसली. त्याने तो डबा इतरांपासून बाजूला काढला आणि भाजी भरणाऱ्या बाईला बजावलं, "ही पोरगी नवीन हे. लय जपून, कांदा नाय गेला पाहिजे." आणि मित्रांनो, कांदा नसला की रस्सा दाट व्हायला दाण्याचं कूटच घालतात. बिनकांद्याच्या भाजीत ते नेहमीपेक्षा जास्त असायचं.

दुसऱ्या कुणाच्या डब्यातलं काही खायचं नाही, फक्त आपल्या डब्यातलं खायचं, हे आईने मृण्मयीला पक्कं शिकवलं होतं. नव्या शाळेत तिने तसंच केलं. बाईंना आधी वाटलं, ठसका लागला. त्यांनी पाणी दिलं, पाठ चोळली. मग तिचे ओठ बघून त्या घाबरल्या आणि तिला उचलून दवाखान्यात पळाल्या.

मृण्मयी घरी परत आली नाही.

शुभांगीच्या नव्या सोसायटीत लोक बोलायचे ते बोललेच. एवढं होतं तर डबा आईने द्यायचा होता, असं तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. काही दिवसांनी ती पंचवटीत आली. भांडली नाही. मला ती फाइल बघायची आहे, एवढंच म्हणाली. समाधान दाराशी उभा होता. अपूर्वाताईंनी मला उघडलं. शुभांगीने पडद्यावर बोट ठेवलं.

"लाल तर आहे," ती म्हणाली.

मग समाधानने भिंतीवरून काढून आणलेला कागद पुढे केला. "ताई, माझ्याकडं अशी यायची," तो शुभांगीला म्हणाला आणि रडायला लागला. शुभांगीने कागद पडद्याशेजारी धरला.

"शेंगदाणा नको," ती अपूर्वाताईंना म्हणाली. "दोनच शब्द होते. लिहिले का नाहीत?"

एक रकाना वाढला असता, एवढंच.

पुढे पोलिसांची चौकशी झाली. गंगापूर रोडचं स्वयंपाकघर बंद झालं. पुष्कळ मुलांनी डबे सोडले. जी राहिली त्यांच्यासाठी, सुट्टीची वाट न बघता, ते सॉफ्टवेअर आलं.

मित्रांनो, काम लहान असतं तोवर मी मनापासून साथ देते. पण माझ्यातल्या रंगाचा अर्थ विचारायला कुणाला फोन करावा लागला, किंवा माझी खरी प्रत कुठली याचं हसू व्हायला लागलं, की मला निरोप द्या. घरच्या मोठ्यांनाही सांगा. चाललंय ना, असं ते म्हणाले तरी पुन्हा सांगा. मला वाईट वाटणार नाही.

नावं नव्या ठिकाणी न्यायची होती त्या दुपारी अपूर्वाताई आणि श्रेयस माझ्यासमोर बसले होते. ताई एकेक नाव वाचत होत्या, तो तिकडे भरत होता. लाल ओळीपाशी त्या थांबल्या. श्रेयसने त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी ते नाव वाचलं नाही आणि पुसलंही नाही. त्या खालच्या ओळीवर गेल्या.